पोहण्याचा पहिला धडा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या जालना जिल्ह्यात घरोघरी एकच ताकीद ऐकू येते, "विहिरीकडे फिरकायचे नाही!" ताकीद मायेपोटीच असते. परंतु मूल पाण्याकडे जातेच. विहिरी आहेत, नदीचे डोह आहेत, शिवाय आता गावोगावी शेततळी झाली आहेत. त्यांच्या निसरड्या प्लॅस्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. म्हणून मनाई हा अर्धाच उपाय होय. पोहणे शिकवणे हा उरलेला अर्धा.

पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मुलाला विहिरीत सोडत. आधार चांगला, पण ढकलून देणे वाईट. त्याने भीती बसते. शिकण्यासाठी तळ दिसणारे, कमरेएवढे पाणी निवडा. जाणता पोहणारा हाताच्या अंतरावर हवाच.

मुलांनो, क्रम लक्षात ठेवा. प्रथम श्वास. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात बुडवा आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडा. मग तरंगणे. छाती भरून श्वास घ्या, हात पुढे ताणा, नजर तळाकडे ठेवून पालथे पडा. फुप्फुसातली हवा तुम्हाला तोलून धरते. घाबरून डोके उचलले की पाय खाली जातात. तिसरे, पाय. काठ धरून मांडीपासून पाय हलवा, गुडघे फार वाकवू नका. शेवटी हात. एक हात पुढे पाण्यात घालून मांडीपर्यंत ओढा, मग दुसरा. ओढणाऱ्या हाताच्या बाजूला मान वळवून श्वास घ्या.

हे मुलींनीही शिकावे. १९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या. असे करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला. आणि आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, तरी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

एक शेवटची सूचना. चार हात पोहता येऊ लागले म्हणून बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका. तो घाबरून मिठी मारतो आणि दोघेही जातात. आरडाओरडा करून माणसे जमवा. काठावरूनच दोर, काठी किंवा ओढणी टाका.

पालकहो, पोराला पोहायला शिकवा, आणि शिकल्यावरही एकट्याला पाण्यावर पाठवू नका.