फाटकाबाहेर कोण उभं असतं?

(युवक शिबिरातलं भाषण. बोलल्याप्रमाणे छापलं आहे.)



सकाळपासून इथं अटकेवर बोललं जातंय. कोणाला कुठल्या कलमाखाली आत टाकलं, कोणाला किती फटके पडले, कोणी लॉकअपमध्ये घोषणा दिल्या. टाळ्या पडल्या. पडायलाच पायजेत. मी सुटकेवर बोलणार आहे. सुटकेवर टाळ्या पडत नाहीत, कारण सुटकेच्या दिवशी आपल्यातलं कोणी तिथं नसतं.

आपल्या चळवळीला अटकेचं वेड आहे. १९७४ ला वरळीत पोरं उचलली. नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत पोरं जेलात जात राहिली. २०१८ च्या जानेवारीत भीमा कोरेगावनंतर बंद झाला, तेव्हा वस्त्यांत घुसून पोरं नेली. प्रत्येक वेळी मोर्चे निघाले, पत्रकं निघाली, कविता तर टनानं निघाल्या. त्यात दोन-चार किलो माझ्याही असतील. पण त्या पोरांतला कोण केव्हा सुटला, सुटल्यावर काय खाल्लं, कुठं झोपला, तारखेला जायचं भाडं कोणी दिलं, याचं एक तरी पत्रक मला दाखवा. आणि ही झाली मोर्च्यातली पोरं, म्हणजे आपले मानाचे कैदी. बाकीचे? मोबाईल चोरीत उचललेला, दारूच्या गुत्त्यावरून उचललेला, नुसता नाक्यावर उभा होता म्हणून उचललेला? तो आपल्याच गल्लीतला असतो. पण त्याचं नाव घ्यायला आपल्याला लाज वाटते. ही लाज आपण पांढरपेशांकडून उसनी आणलीय, आणि तिचं व्याज ते पोरगं भरतंय.

मी त्या बाकीच्यांतला. तेव्हा वीस वर्षांचा होतो. जबरी चोरीची केस. एकोणीस महिने कच्चा कैदी म्हणून आत, मग जामीन, मग दोन वर्षं तारखा, मग निर्दोष. साक्षीदार कोर्टात बोलला, ह्या पोराला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. जज्जसाहेब चार ओळी बोलले, मी हात जोडले, संपलं. पोलीस ठाण्याचं नाव सांगत नाही, जेलचंही सांगत नाही. तुमच्या वस्तीजवळचं घाला.

आणि मी काही नवलाचा नाही. सरकारचंच पुस्तक सांगतं, २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि दर चारांत तीन कच्चे कैदी. कच्चा म्हणजे ज्याला कोर्टानं अजून गुन्हेगार ठरवलेलं नाही तो. त्यात दलित, आदिवासी, मुसलमान त्यांच्या लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा जास्त. राखीव जागा भरत नाहीत म्हणून आपण ओरडतो; ही एक जागा व्यवस्था न चुकता भरते.

आता जामिनाचं ऐका. मला जामीन मंजूर झाला त्यानंतर मी चार महिने आतच होतो. कोर्टानं पंचवीस हजारांचा ऐपतदार जामीन मागितला होता. म्हणजे असा माणूस आणा ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे, पगाराची स्लिप आहे, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आहे, आणि जो बोलेल की हा पळाला तर पैसे माझ्याकडून घ्या. माझी आय चार घरची धुणीभांडी करते. तिनं चारही घरी विचारलं. एका बाईनं तिला शंभर रुपये दिले आणि उद्यापासून येऊ नको बोलली. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे उभे असतात, त्यांचा भाव ऐकून आय पायऱ्यांवर बसली. शेवटी गिरणीत होता तो आमचा लांबचा मामा, त्याचा जावई तयार झाला. तोही बायकोशी भांडून.

१९७८ सालची एक केस आहे, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश. मोतीराम गवंडी. खाली दहा हजारांचा जामीन मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी झापलं, आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं: जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलरनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात कागद झाले नाहीत तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामिनाचा हट्ट धरू नये. ही तारीख पाठ करा. वकिलाला नाही माहीत असं होतं, तुम्हाला माहीत असू द्या. आर्थर रोडच्या फाटकावर जामिनाच्या आदेशांची एक पेटी. २०२१ साली एका सिनेनटाच्या पोराचा आदेश वेळेत पेटीत पडला नाही, पोरगा एक रात्र जास्त राहिला, तर सगळ्या देशानं ती पेटी टीव्हीवर पाहिली. माझे चार महिने कोणत्या चॅनेलवर होते?

असो. सुटलो. संध्याकाळची वेळ. घरी कळलेलं नव्हतं. हातात एक पिशवी, पिशवीत दोन कपडे आणि केसचे कागद. मोबाईल मुद्देमालात जमा.

आणि इथून खरी गंमत सुरू होते. सुटलेल्या माणसाला पहिल्यांदा काय लागतं? तुम्ही बोलाल भाकरी. चूक. ओटीपी. माझा नंबर रिचार्जविना कधीच मेला होता आणि कंपनीनं तो दुसऱ्याला विकला होता. मी टपरीवरून लावून बघितला तर गोरखपूरचा एक भाऊ बोलला, कौन चाहिये? माझा आधार त्याच नंबराला जोडलेला. आधारकार्ड अटकेच्या वेळी पाकिटात होतं, पाकिट कुठं गेलं देवाला नाही, पोलिसाला माहीत. नवा सिम घ्यायला गेलो की आधार मागायचे. आधारवरचा नंबर बदलायला तेव्हा केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागायचा. एकोणीस महिने खडबडीत फरशी घासून माझे अंगठे झिजलेले, मशीन तीनदा नाही बोललं. बँकेचं खातं केवायसीवाचून बंद. रेशनकार्डावरचं नाव अंगठा दिला नाही म्हणून अडकलेलं. एक कागद दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा परत पहिल्याकडे. कोर्ट म्हणतं तू मोकळा, मशीन म्हणतं तू कोण? मी दोन महिने या लाईनीत काढले. दोन महिने आयच्या जिवावर खाल्लं. वीस-बावीस वर्षांच्या घोड्यानं.

त्यात हजेरी. जामिनाची अट होती, दर सोमवारी दहा ते एकच्या दरम्यान ठाण्यात हजेरी. दहाला जायचं, साहेब बंदोबस्ताला गेलेत, बस. एकला वही पुढं येते, सही कर. एका सहीला एक रोज बुडतो. सोमवारी न येणारा कामगार कोणाला पायजे? मुकादम दोन सोमवार बघतो, तिसऱ्याला दुसरा माणूस घेतो.

हजेरी हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. १८७१ ला इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, किती नावं घेऊ. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, हजेरी दिल्याशिवाय हलायचं नाही. १९५२ ला तो कायदा गेला आणि १९५९ ला आपल्या मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आणला. जमातीचं नाव खोडलं, वही तीच ठेवली. १९५१ च्या पोलीस कायद्यात ५६ कलम आहे, तडीपारीचं. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. त्याला शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही, पोलिसांना धोका वाटला पुरे. २०२२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्ट बोललं की हा अपवादाचा उपाय आहे, जपून वापरा. ज्याची खोली इथं, आय इथं, काम इथं, त्याला दोन वर्षं बाहेर काढा आणि मग विचारा, हा सुधारत का नाही?

जात आत सुटते असं कोणाला वाटत असेल तर त्यानं जाऊन यावं. मला पहिल्या दिवशी नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव परत विचारलं, मग हातात झाडू. संडासाची बाजू. शेजारचा पोरगा, केस माझ्यासारखीच, आडनाव वेगळं, तो भटारखान्यात. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, सुकन्या शांता या पत्रकार बाईनं ती केस लढवली: जातीवरून कामं वाटायची नाहीत, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायचा. चांगलं झालं. रकाना काढला. बाहेर आल्यावर मला पहिलं काम मिळालं ते एका मॉलच्या संडासात, ठेकेदाराकडे. त्यानंही आडनाव विचारलं होतं.

बाकी कामांचं थोडक्यात सांगतो. वॉचमनची एजन्सी: पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा. घरोघर जेवण पोचवणारी कंपनी: तिला तर तोंडच नाही, मोबाईलवर लाल अक्षरं आली, तुमचा अर्ज नामंजूर. कोर्टाच्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं की केस दिसते. निर्दोष झालो ते दिसायला पुढं वाचावं लागतं, एवढा वेळ कोणाला आहे? २०१६ ला सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं आहे की केसचं स्वरूप काय, निकाल काय, हे बघून मालकानं ठरवावं, आंधळेपणानं काढू नये. कोर्ट दिल्लीला आहे आणि एजन्सीचं ऑफिस जिन्याखाली.

गोदीत कसा आलो? गोदीत शिरायला गेटपास लागतो, पासाला पोलिसांचा दाखला, म्हणजे परत तेच. म्हणून पहिलं वर्षभर मी गोदीच्या भिंतीबाहेर, गोदामात पोती उचलली. टोळीचा मुकादम म्हातारा, साताऱ्याकडचा. त्यानं आडनाव विचारलं नाही असं नाही, त्यानं पण विचारलं. पण नंतर बोलला, पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालून दाखव. दाखवलं. संध्याकाळी पैसे सगळ्यांना सारखे वाटले. मी ती नोट घरी येऊन आयच्या हातात ठेवली तर ती उजेडात धरून बघायला लागली, खरी आहे का म्हणून. निर्दोष सुटल्यावर पास झाला, आता आत जहाजावर असतो.

घरातलं फार सांगत नाही. बराकीत रात्रभर दिवा असतो, त्यामुळं अंधारात झोप येईना. आय दिवा चालू ठेवायची आणि बिल भरायची. पहाटे गिनतीच्या वेळेला उठून मी भिंतीला टेकून बसायचो. ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं. ती मला एक शब्द बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. आणि बाई आतून सुटून येते तेव्हा काय होतं, ते मी सांगणं बरोबर नाही. पुढच्या शिबिराला अशा एखाद्या बाईला बोलवा. तिला बसायला पुढची खुर्ची द्या.

एका पोराचं मात्र सांगायलाच पायजे. माझ्या बराकीतला, गोवंडीचा. माझ्या आधी सुटला. तोपर्यंत भावानं खोली विकली होती. पंधरा दिवस स्टेशनवर झोपला. फोन नाही, वकील सरकारी, तारीख कळली नाही, दोन तारखा चुकल्या, वॉरंट निघालं. परत आत. नवा गुन्हा काही नाही. मला कोर्टाच्या लॉकअपच्या जाळीतून दिसला, जाडा झाला होता. बोलला, इथं निदान गिनतीत नाव असतं. मी त्याला माझा बिडीचा कट्टा दिला आणि माझ्या तारखेला पळालो. बाहेर त्याला एक फोन लागत होता, बस. तारीख सांगायला एक फोन.

वेगळं करता येत नाही असं मला कोणी सांगू नये. आटपाडीला स्वतंत्रपूर आहे, १९३९ ला औंध संस्थानात सुरू झालेली खुली वसाहत. भिंत नाही. शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. त्याच्यावरूनच १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' सुचला. पिच्चर सगळ्यांनी पाहिला, गाणं शाळेत म्हटलं. वसाहती किती निघाल्या? आणि त्याही पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्याला शेत नाही, पगार नाही, सुटताना कोणी विचारत नाही. टाटा इन्स्टिट्यूटच्या 'प्रयास'ची माणसं १९९० पासून मुंबईत कैद्यांत आणि सुटलेल्यांत काम करतात. त्यांच्याकडून आपण शिकलं पायजे, त्यात कमीपणा कसला?

म्हणून मी ही वही आणलीय. दोनशे पानी, गोदामाच्या समोरून घेतली. ज्याच्याकडे मुंबईचं रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप आहे, आणि जो आपल्या गल्लीतल्या पोराला जामीन राहायला तयार आहे, त्यानं पुढच्या पानावर नाव लिहावं. घरी विचारून लिहा, नंतर बायको भांडते. ज्याच्याकडे हे नाही त्यानं मागच्या पानावर नाव लिहावं: एका सुटलेल्या माणसाची तारीख लक्षात ठेवायची, आदल्या रात्री त्याच्या दारात जायचं, आधार केंद्राच्या लाईनीत त्याच्यासोबत उभं राहायचं. त्याचा नंबर सुरू होईपर्यंत तुमचा नंबर त्याचा. मोर्च्यातला असो की मोबाईलवाला, वहीत रकाना एकच आहे.

सध्या पुढच्या पानावर सात नावं आहेत, त्यात पाच माझ्या टोळीतली आणि त्यातले दोघंच आपल्या समाजाचे. या हॉलमध्ये मला शंभरच्या वर डोकी दिसतायत. येत्या गुरुवारी आपल्या वस्तीतल्या दोघांचे कागद पुरे होतील, संध्याकाळी सुटतील. एकाच्या घरी कोणी नाही. मला दुसरी पाळी आहे, मी येऊ शकत नाही. कोण जातंय?

जय भीम.