सूचना फलकावरचे नाना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘सोसायटीचे जुने दिवस’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. जुन्या दिवसांत बोअरवेलचं भांडण आहे, लिफ्टचं आहे, पार्किंगचं तर अजून चालूच आहे. त्यावर बोलायला पुष्कळ जण आहेत. मी माझ्या वडिलांबद्दल बोलणार आहे. सकाळी साडेसातला जिन्याखालच्या फळ्यापाशी खडू घेऊन उभे असायचे, ते लेंगा-सदऱ्यातले आजोबा म्हणजे आमचे नाना. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. २००९ साली गेले.

त्यांचं फळ्यावरचं अक्षर पाहून लोक विचारायचे, “नाना, तुम्ही शिक्षक होता का?” ते म्हणायचे, “नाही हो, मी जुळारी.” आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं असायची, त्यांना खिळे म्हणत. ते एकेक उचलून, लोखंडी स्टिकमध्ये ओळ लावायची, हे जुळाऱ्याचं काम. अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं, आणि ओळही उलटीच वाचावी लागते. शिवाय आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त कप्पे. प्रत्येक कप्प्याला नाना ‘घर’ म्हणायचे. छपाई झाली की मजकूर सोडायचा आणि प्रत्येक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. “जुळवायला कोणीही शिकेल, परत घरी पोचवायला जबाबदारी लागते,” असं त्यांचं म्हणणं.

आता मी सांगतो ते १९६१ सालचं. तारीख १२ जुलै, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात, मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आईने मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन चढाच्या दिशेने पळ काढला. नाना छापखान्यात होते. रात्री एका शाळेत, पूरग्रस्तांच्या गर्दीत त्यांची आमची गाठ पडली. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या जागी आमच्या दोन खोल्यांपैकी एक भिंत होती. भांडीकुंडी, आईचं शिवणयंत्र, सगळं गेलं.

छापखान्याची इमारत उभी होती, पण केसा पालथ्या झाल्या होत्या. सगळे खिळे चिखलात एकत्र. मालक म्हणाले, “मला आता पगार देणं जमणार नाही, तुम्ही दुसरीकडे बघा.” नानांना मुंबईच्या एका छापखान्यातून बोलावणं होतं. आई म्हणाली, जाऊ या. घर नाही, पगार नाही, दोन पोरं. तिचं काय चुकलं? पण नाना आणि आणखी तीन जुळारी तिथेच राहिले. घमेल्यात चिखल घ्यायचा, चाळणीवर धुवायचा, खिळा ओळखायचा आणि घरात टाकायचा. दिवाळी उलटून गेली तरी ते काम चालू होतं. मालक जमेल तसे पाच-दहा रुपये द्यायचे. आई लोकांकडे पोळ्या करायला जायची. “आपलं घर गेलं ते गेलं, ही घरं तरी लावू,” असं नाना तिला म्हणाले. आईला हे पटलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती हे बोलून दाखवायची आणि नाना खाली मान घालून ऐकून घ्यायचे. दोघांपैकी बरोबर कोण, हे मला आज पंचाहत्तरीतही ठरवता आलेलं नाही. छापखाना उभा राहिला आणि आम्हां भावंडांची शिक्षणं त्याच पगारावर झाली, एवढं खरं.

आम्ही काही वर्षं गोखलेनगरकडे निसन हटमध्ये काढली. वर अर्धगोल पत्रा, उन्हाळ्यात भट्टी. मग पुन्हा भाड्याच्या दोन खोल्या. मी १९७२ साली बँकेत लागलो त्या दिवशी नाना म्हणाले, “आमच्याकडे सगळं उलटं वाचावं लागतं. तुझ्याकडे सुलट आहे. तेवढं सुलट ठेव.” नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत हे वाक्य माझ्या कानात होतं.

पुढे ऑफसेट आलं. १९८५ साली छापखान्याने खिळ्यांचं काम बंद केलं. सगळे खिळे मोडीत, वजनावर गेले. नाना त्या दिवशी मुद्दाम गेले आणि वजन नीट होतंय ना, हे पाहत काट्यापाशी उभे राहिले. आठवण म्हणून एक खिळासुद्धा घरी आणला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “ते मालकाचं होतं.”

आई १९९८ मध्ये गेली. स्वतःच्या मालकीचं घर तिने पाहिलं नाही. इथे आल्यावर नाना पहिले काही महिने गॅलरीत गप्प बसून असायचे. त्यांना उठवलं ते आपल्या एका सूचनेने. गणेशोत्सवाच्या जेवणाची सूचना लागली होती : ‘सर्व आचार्यांना सकाळी सात वाजता बोलावले आहे.’ नाना खाली गेले, अध्यक्षांना म्हणाले, “आचार्य म्हणजे गुरू. ते कशाला येतील कांदा चिरायला? तुम्हाला आचाऱ्यांना म्हणायचंय.” दुसऱ्या दिवसापासून फळा त्यांच्याकडे आला.

मग मुलं जमू लागली. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हा फरक इथल्या निम्म्या मुलांना त्या फळ्यापाशी कळला. नाना मुलांची नावं उलटी लिहून द्यायचे आणि आरशात वाचायला सांगायचे. माझ्या मुलीने संगणकावर मराठी टंकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आधी एकच विचारलं, “यात आचाऱ्यांचा र्‍ निघतो का?” तिने काढून दाखवला. नानांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाले, “मग हरकत नाही. याच्यातही घरं आहेत.”

त्यांनी आयुष्यात शेकडो पुस्तकं जुळवली. एकावरही त्यांचं नाव नाही. त्याची खंत त्यांनी कधी केली नाही, पण मला वाटतं, निदान आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख असावा. म्हणून ही दहा मिनिटं त्यांना दिली.

एक विनंती करून थांबतो. या स्मरणिकेत कुठे छपाईची चूक दिसली तर नुसतं हसू नका. पेन्सिलीने समासात दुरुस्त करा आणि लहान मुलांना दाखवा. नाना तसंच करायचे.