आधी बॉक्स, मग वॅट

(मंडळाच्या धारगळ येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा मंडळाच्या मुलांनी बेस गिटारसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बॉक्स मागितला. तो पाहून ठरवायचे काम आमच्या समितीकडे आले. मुले वाजवतात ते संगीत जड आणि संथ. एक स्वर विरेपर्यंत चहा पिऊन होतो, असे आमचे एक काका म्हणाले. काकांना विलंबित ख्याल आवडतो, याची आम्ही आठवण करून दिली.

या संगीताचे मूळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे. टोनी आयोमी हा गिटारवादक पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथे यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लास्टिकची टोपणे केली आणि पुढे तारा सैल केल्या. ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त त्या काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली आहेत. बेसची सर्वांत जाड तार एरवी ४१ हर्ट्झला वाजते, ती अशी उतरवली की ३५ च्या आसपास येते.

अडचण इथेच सुरू होते. आवाज तेवढाच मोठा ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. म्हणून आधी बघायचे ते पडद्याचे क्षेत्रफळ. पंधरा इंची एक स्पीकर दहा इंचीपेक्षा खर्ज देतो, अशी समजूत आमचीही होती. गणित केले तर दहा इंची चारांचे क्षेत्रफळ पंधरा इंची एकाच्या पावणेदोन पट भरते.

आता वॅटविषयी, कारण तिथे आम्ही एकदा फसलो आहोत. लेबलवर ‘हजार वॅट’ वाचून दोन वर्षांपूर्वी एक बॉक्स घेतला. आरतीला छान चालला. मुलांनी लांब स्वर धरायला सुरुवात केली आणि तासाभरात कॉइल जळली. तो हजार क्षणभराचा, ‘पीक’चा आकडा होता. जलद वाजवण्यात ठोका आला नि गेला. संथ संगीतात स्वर चार-पाच सेकंद टिकतो आणि तेवढा वेळ कॉइल तापत राहते. तेव्हा ‘आरएमएस’ हाच आकडा विचारावा. शिवाय वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकी.

बॉक्स बंद घ्यावा की भोकाचा? घुमट वाजवणाऱ्यांना हे समजावायला नको. मातीच्या घुमटाला एका तोंडाला कातडे, दुसरे तोंड उघडे. हातातली हवाच घुमते, तळव्याने तोंड झाकले की नाद बदलतो. (गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य ठरवले, घोरपडीचे कातडे गेले, बकऱ्याचे आले.) भोकाचा बॉक्स त्याच जातीचा. ठरावीक स्वरापर्यंत हवा मदत करते, त्याखाली गेले की पडदा नुसता फडफडतो आणि फाटू शकतो. तारा उतरवून वाजवणाऱ्यांना म्हणून आम्ही बंद बॉक्स सुचवतो. त्यात खर्ज हळूहळू कमी होतो, तुटत नाही.

खरे तर ३५ हर्ट्झचा मूळ नाद कोणत्याच साध्या बॉक्समधून फारसा येत नाही. वरचे ७०, १०५ चे अंश ऐकून कान खालचा स्वर स्वतः जुळवतो. मुलांनो, म्हणून मधल्या आवाजाची कळ शून्यावर नेऊ नका, नाहीतर गिटारांच्या गोंगाटात बेस बुडेल.

१९६९ चे अँपेग एसव्हीटी, ३०० वॅटचे, वाल्व्हचे, सोबत दहा इंची आठांचा बंद बॉक्स, हे मुलांचे स्वप्न. पण ते धूड उचलणार कोण? हल्लीची हेड काही किलोंचीच असतात. आमची शिफारस अशी: दहा इंची चारांचा बंद बॉक्स, ८ ओमचा, प्लायवूडचा, कारण भुशाची फळी आपल्या पावसाळ्यात फुगते. हेड ४ ओमला ५०० वॅट आरएमएस देणारे. आज एका बॉक्सवर ते थोडे कमी देईल; वर्गणी जमली की तसाच दुसरा जोडला की ४ ओम होतात. त्याखाली जायचे नाही. जोडायला स्पीकरचीच वायर, गिटारची नव्हे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २०२४ च्या डिसेंबरात सनबर्न आपल्या धारगळात झाले, त्यामुळे खर्ज किती लांब जातो यावर आम्ही बोलायला नको. चिऱ्याची भिंत वरचा आवाज अडवते, खालचा तेवढा नाही. रात्री दहानंतर बंद, हे मुलांनी लिहून दिले आहे.

चवथीनंतरच्या रविवारी उसना बॉक्स आणून वाजवून पाहणार आहोत. लाकडी मंचावर नाही, जमिनीवर, कारण मंच स्वतःच घुमतो. काकांनी शेवटच्या खुर्चीवर बसावे आणि खिडकीच्या काचा वाजल्या तर हात वर करावा.