आपल्या मंडळाने कोणता कॅमेरा घ्यावा?

(मंडळाच्या मासिक सभेत अंबाजोगाई येथे झालेले भाषण)



मागच्या सभेत मंडळाच्या शिलकेतून एक कॅमेरा घ्यावा असे ठरले, आणि ते ठरते न ठरते तोच आपल्यात दोन तट पडले. काही भगिनींचे म्हणणे, लग्नात फोटोवाल्यांच्या गळ्यात असतो तसला, भिंग बदलता येणारा डीएसएलआर घ्यावा; त्यातला अगदी पहिल्या पायरीचा का होईना. दुसऱ्या म्हणाल्या, ते धूड वाहणार कोण? पिशवीत मावणारा, लांबचे जवळ आणणारा सुपरझूम घ्यावा. जमलेल्या रकमेत दोहोंपैकी एकच येणार. अखेर “बाईंनी दोन्ही वापरले आहेत, त्यांनीच काय ते सांगावे” असे म्हणून हे जोखीमीचे काम माझ्या गळ्यात पडले. मी या शास्त्रातली जाणकार नव्हे. शाळेत भूगोल शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु चूक करून शिकलेला माणूसही थोडेफार सांगू शकतो, म्हणून आपणांपुढे उभी आहे.

ती चूक आधी सांगून टाकते. निवृत्त झाल्यावर मी हौसेने एक सुपरझूम घेतला. दुकानात त्याच्यावर ‘४० पट’ असे लिहिलेले होते, आणि त्या आकड्यालाच मी भुलले. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी बाई राहत असत. दरवर्षी लेकासुनेबरोबर ऊसतोडीला जात. वाकळ शिवावी तर त्यांनीच. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी त्यांच्या हातची वाकळ आहे. त्या मला एकदा म्हणाल्या, “बाई, माझा एक फोटू काढा की. म्या गेल्यावर भिंतीला लावाया तरी हुईल.” मी हो म्हटले, आणि आज काढू, उद्या काढू करीत दिवाळी आली. टोळीचा ट्रक पहाटे निघाला तेव्हा मी घाईघाईने कॅमेरा घेऊन बाहेर आले. लांबून काढता येतो ना, म्हणून ओट्यावरच उभी राहिले आणि तिथूनच झूम लावला. उजाडले नव्हते. चार फोटो काढले. चारही पुसट, चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. पुढे काढू म्हणून मी गप्प बसले. त्या हंगामात बाई कारखान्यावरच वारल्या. लेक फोटो मागायला आला तेव्हा माझ्यापाशी द्यायला काही नव्हते. शेवटी त्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. तो मी पाहिला आहे. त्यात त्या बाई घाबरलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्या कधी कोणाला घाबरल्या नव्हत्या.

त्या पहाटे काय चुकले, हे मी नंतर समजून घेतले. प्रत्येक कॅमेऱ्यात प्रकाश टिपून घेणारी एक लहानशी पाटी असते. तिला सेन्सर म्हणतात. पहिल्या पायरीच्या डीएसएलआरमध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या १५००डी मध्ये, ती सुमारे २२ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद असते. खिशात मावणाऱ्या बहुतेक सुपरझूममध्ये ती जेमतेम ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिली दुसरीच्या सुमारे बारा पट भरते. पावसात पागोळीखाली परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाऊस दोहोंवर सारखाच पडतो. पण पाणी कशात जास्त साठेल हे आपल्या दुष्काळी मुलखातल्या बायकांना सांगावयास नको. भर दुपारी, ऊन धो धो असताना वाटीही भरून जाते. म्हणून उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो साधारण सारखे दिसतात. संध्याकाळी, पहाटे, माजघरात मात्र परातच कामाला येते.

आता त्या ४० पटीविषयी. पुष्कळांचा समज असा की, डोळ्यांना दिसते त्याच्या ४० पट मोठे दिसेल. तसे नाही. भिंगाचा सर्वांत लांबचा टप्पा हा सर्वांत जवळच्या टप्प्याच्या किती पट आहे, एवढेच तो आकडा सांगतो. कॅननचा एसएक्स ७४० हा ४० पटीचा कॅमेरा घ्या. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने त्याचे भिंग २४ पासून ९६० पर्यंत जाते. ९६० भागिले २४, म्हणून ४० पट. डीएसएलआरबरोबर जे १८-५५ चे भिंग मिळते ते याच हिशेबाने फक्त तीन पट. म्हणून तो कॅमेरा कमी प्रतीचा ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. लांबच्या टोकाला सुपरझूमच्या भिंगाचे तोंड अरुंद होते, म्हणजे वाटी आणखी लहान होते. शिवाय जितके लांबचे जवळ आणावे तितका हाताचा कंपही मोठा होतो. कंप आवरणारी सोय यंत्रात असते, तिचा उपयोगही होतो. पण ती आपला हात सावरते. समोर हलणारा माणूस तिला सावरता येत नाही. पहाटेचा अंधार, लांबचा झूम, थरथरता हात आणि ट्रकमध्ये चढणारी म्हातारी. या चौघांनी मिळून माझे ते चार फोटो बिघडविले.

मग सुपरझूम वाईट का? मुळीच नाही, आणि त्याची बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे; १९९४ साली ते जाहीर झाले. मोर काही आपल्या अंगणात येऊन उभा राहत नाही. त्याला टिपायला लांबचे भिंग हवे. माजलगावच्या किंवा मांजराच्या धरणावर पाण्याच्या मध्यभागी बसलेले पक्षी, बीडच्या कंकालेश्वराच्या देवळावरचे उंचावरचे कोरीव काम, यांसाठीही तेच. डीएसएलआरवर एवढाच पल्ला गाठावयाचा तर ६०० मिलिमीटरचे भिंग लागेल. त्यातली नामांकित भिंगे काही लाख रुपयांची आणि काही किलो वजनाची असतात. सुपरझूम मात्र तीनशे ग्रॅममध्ये ते काम करतो. परंतु येथेही एक सूचना करते. चैत्र-वैशाखात दुपारी काळ्या रानावर हवा थरथरत असते. त्या थरथरत्या हवेतून लांबचा फोटो काढला तर कोणताही कॅमेरा तो पुसटच देणार. मोर पाहावयाचा तर सकाळी लवकर.

डीएसएलआरचेही दोष आहेत. १५००डी भिंगासह सुमारे पावणेसातशे ग्रॅम भरतो. खांद्यावर वागविला तर दिवसाअखेर तो जाणवतो. भिंग काढताना आत धूळ जाते, आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा! सर्वांत मोठा दोष कॅमेऱ्याचा नसून आपला आहे. माझ्या मुलीने घेतलेला डीएसएलआर तिच्या घरी कपाटात दोन वर्षे पडून होता. ‘महागाचा आहे, पडेल, बिघडेल’ म्हणून कोणी हात लावीना. तो मी उसना आणला आणि वर्षभर वापरला, म्हणून आज दोहोंची तुलना करू शकते. कपाटातल्या डीएसएलआरपेक्षा पिशवीतला सुपरझूम केव्हाही बरा, हे मीही मान्य करते.

डीएसएलआरचा एक गुण मात्र वापरल्यावरच कळतो. तो डोळ्याला लावून पाहावयाचा असतो. दोन हात आणि कपाळ अशा तीन आधारांनी तो स्थिर राहतो. सुपरझूमपैकी पुष्कळांना डोळ्याला लावण्याची खिडकी नसते. पाठीवरच्या पडद्यातच पाहावे लागते. आपल्या उन्हात तो पडदा दिसत नाही, आणि माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्या बाईला तर चष्मा शोधण्यातच मोर उडून जातो.

कोणी म्हणेल, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. रोजच्या कामाला मोबाईल पुरतो, आणि चार फोटो आतल्या आत एकत्र करून अंधारातही तो पुष्कळ सावरून घेतो. पण मंडळाच्या दहा वर्षांच्या फोटोंपैकी आज किती सापडतात? कोणाचा मोबाईल पाण्यात पडला, कोणी नवा घेतला, कोणाच्या नातवाने जागा हवी म्हणून सारे पुसून टाकले. कॅमेरा मंडळाचा असला तर त्यातले फोटोही मंडळाचे राहतात.

आता आपणांस काय टिपावयाचे आहे ते पाहू. मागच्या सभेतली यादी माझ्यापाशी आहे. हळदीकुंकू, संध्याकाळी. मुलींचे भोंडल्याचे आणि नाचाचे कार्यक्रम, रात्री. मार्गशीर्षातला योगेश्वरीचा उत्सव, गर्दीत आणि दिव्यांच्या उजेडात. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका, त्यांच्याच घरात, दारातल्या उजेडात. जुन्या वाकळा, टाक्यांसकट. आणि टोळ्या निघण्याआधी ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक बाईचा एक चांगला फोटो, तिच्या घरासाठी. या यादीत मोर एकदाच येतो, सहलीच्या दिवशी. बाकी सारे आपल्यापासून चार हातांवर आहे, आणि बहुतेक अंधूक उजेडात आहे. मोर लांब असतो, भगिनींनो. माणूस लांब नसतो. त्याच्याजवळ आपण चालत जाऊ शकतो. त्या पहाटे मी ओट्यावरून खाली उतरले असते, तर त्या साध्या कॅमेऱ्यानेही कदाचित काम केले असते.

म्हणून माझे मत असे: मंडळाने डीएसएलआर घ्यावा, आणि त्याबरोबर ५० मिलिमीटरचे, एफ १.८ चे एक साधे भिंग घ्यावे. डीएसएलआरच्या भिंगांत ते सर्वांत स्वस्तांपैकी आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारे भिंग त्या टप्प्यावर जेवढा प्रकाश आत घेते, त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश हे घेते. त्यात झूम नाही. जवळ जावयाचे तर पायांनी जावे लागते. आपल्या कामाला हेच बरे. ज्या भगिनीस स्वतःसाठी, यात्रेला किंवा पक्षी पाहावयास एकच कॅमेरा न्यावयाचा आहे, तिने मात्र खुशाल सुपरझूम घ्यावा.

खरेदीविषयी दोन शब्द. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. आता त्यांचे लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. यामुळे वापरलेले डीएसएलआर पुष्कळ मिळतात. घेताना शटर किती वेळा पडले ते विचारावे, आणि भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे नाही ना ते पाहावे. निकॉनच्या पहिल्या पायरीच्या कॅमेऱ्यात भिंग फिरविणारी मोटर नसते, म्हणून त्याला ए.एफ.-एस. किंवा ए.एफ.-पी. भिंगच घ्यावे, नाहीतर प्रत्येक फोटोला हाताने जुळवीत बसावे लागेल.

आता शेवटचे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी एक वेगळा स्टुडिओ काढला होता. तेथे फोटो काढणारीही बाईच होती, म्हणून त्या स्त्रिया निर्धास्त बसत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी काम केले. परंतु त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. २०१० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सांगावयाचे एवढेच की, कॅमेरा कोणाच्या हाती आहे याला महत्त्व आहे. आपण काढलेल्या फोटोत आपल्या बायका घाबरलेल्या दिसणार नाहीत.

म्हणून कॅमेऱ्याबरोबर एक नियमही करावा. तो कपाटात कुलपात राहू नये. दरमहा दोघी भगिनींनी तो घरी न्यावा, वहीत सही करावी, आणि महिनाअखेर फोटो मंडळाच्या संगणकावर उतरवून त्यांतले निवडक छापून घ्यावेत. पहिले शंभर फोटो बिघडतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

दसरा जवळ आला आहे. त्यानंतर टोळ्या निघू लागतील, आणि त्या निघाल्या की चैत्रापर्यंत परत नाहीत. निर्णय कोणताही घ्या, पण कॅमेरा त्याआधी आणा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.