काळी तार आणि पांढरी तार

कॅलिफोर्नियांत अनेक घरांच्या मागील अंगणांत ऊन पाण्याचें एक कुंड असतें. त्यास तिकडे हॉट टब म्हणतात. चारसहा माणसें गळ्यापर्यंत पाण्यांत बसून अंगाचा शीण घालवितात. येथील श्रोत्यांस वज्रेश्वरीचीं कुंडें आठवतील. परंतु तेथें पाणी पृथ्वीच तापविते, येथें तें काम विजेकडून करवून घ्यावें लागतें.

या कुंडाचा प्राण म्हणजे अभिसरणाचा पंप. तो पाणी गाळणींतून व तापकांतून फिरवून पुन्हा कुंडांत सोडतो. पाण्यांत जोराच्या धारा सोडण्याची कल्पना रूढ केली ती बर्कलेच्या जकूझी कुटुंबानें. इटलींतून आलेलें हें कुटुंब विहिरींचे पंप करीत असे. त्यांपैकीं कँडिडो यांच्या मुलास बाळपणींच संधिवात जडला. त्यास घरींच उपचार मिळावा म्हणून १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं न्हाणीच्या टबांत ठेवावयाचा पंप बनविला.

या पंपाची जोडणी दिसावयास सोपी, पण तेथील वीज येथल्यासारखी नाहीं. घरांत दोन जिवंत तारा येतात. त्यांपैकीं कोणतीहि एक आणि पांढरी उदासीन तार यांमध्यें १२० व्होल्ट दाब असतो; दोन जिवंत तारांमध्यें मात्र २४०. हिरवी तार जमिनीची. पंप दोन्ही दाबांचे मिळतात. १२० चा पंप २४० वर जोडला तर त्याची गुंडाळी जळते. २४० चा १२० वर जोडला तर तो नुसता गुरगुरतो आणि तापत राहतो.

फसवी आहे ती पांढरी तार. पंपाच्या दोरींत काळी, पांढरी व हिरवी अशा तीन तारा असल्या आणि पंप २४० चा असला, तर ती गरीब दिसणारी पांढरी तारहि जिवंत असते. भिंतींतून नेलेली पांढरी तार अशी वापरली, तर तिच्या टोकास निराळ्या रंगाची फीत गुंडाळण्याचा तेथें नियम आहे. पंपाच्या दोरीवर ती खूण बहुधा नसते. त्यांत तिकडे गेलेल्या मराठी मंडळींस घरची संवय नडते. भारतांत काळी तार उदासीन समजतात. अमेरिकेंत काळीच जिवंत! या एका गैरसमजानें हात भाजेल, नव्हे, जीवहि जाईल.

बर्कलेच्याच विद्यापीठांतील चार्लस डाल्झील यांनीं १९६१ सालीं एक रक्षक यंत्र सिद्ध केलें. तें जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांची तुलना करितें आणि सुमारें ५ मिलिअँपिअरचा फरक पडतांच वीज तोडतें. कुंडाच्या विजेस तें लागतेंच. तथापि एकाच माणसानें दोन्ही तारा धरल्या आणि प्रवाह जमिनींत गेला नाहीं, तर त्या यंत्रास कांहींच कळत नाहीं.

म्हणून पंप बदलतांना आधीं मुख्य कळ बंद करावी, मापकानें खात्री करून घ्यावी, आणि एकहि तार सोडण्यापूर्वीं प्रत्येकीस चिठ्ठी बांधावी. दोन गतींच्या पंपांत मंद व जलद गतीच्या तारा निराळ्या असतात. स्मरणशक्तीचा अभिमान येथें उपयोगीं पडत नाहीं. शाई दमट हवेंत पुसते, तेव्हां पक्क्या शाईनें लिहावें. कांहीं कुंडांत दोन्ही दाबांच्या पंपांचे जोड सारखेच असतात, यास्तव जोडापाशींहि दाब लिहावा. झांकण बसविण्यापूर्वीं आंतल्या बाजूस एक पत्रक चिकटवावें: पंपाचा दाब, कोणती तार कोठें, पांढरी तार जिवंत आहे कीं नाहीं, आणि बदलल्याची तारीख.