संकेतस्थळाचा दाखला आणि त्याची मुदत
(आचोळे येथील विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



दाखला हा विषय आपल्या समाजाला नवा नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साली कायदादुरुस्ती व्हावी लागली. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी आपण कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. आज शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. त्या संकेतस्थळालाही आपला दाखला दाखवावा लागतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

हा दाखला मान्यताप्राप्त संस्था देते. ‘हा पत्ता याचाच आहे’ एवढीच ग्वाही त्यात असते. त्यावर दोन तारखा असतात: केव्हापासून ग्राह्य आणि केव्हापर्यंत. त्यांतील वेळ जागतिक प्रमाणवेळेची असते. ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे आहे. म्हणून तेथे मध्यरात्री संपणारा दाखला आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो.

मुदत कशासाठी? संकेतस्थळाची गुप्त किल्ली चोरीस जाऊ शकते, पत्त्याचा मालक बदलू शकतो. जुनी ग्वाही कायम राहिली तर लबाडाचे फावते. म्हणून २०२० पासून ही मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली. २०२५ साली ठरल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असा क्रम आहे. मुदत शिल्लक असतानाही दाखला रद्द होऊ शकतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांचे अनधिकृत दाखले निघाल्याचे उघड झाले आणि ते रद्द करावे लागले.

विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना आली तर प्रथम आपल्या संगणकाची तारीख पाहा. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि चांगला दाखलाही ‘अजून सुरू झालेला नाही’ असा दिसतो. तारीख बरोबर असेल तर थांबा. शेवटचा दिवस आहे म्हणून सूचना डावलून आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी भरू नका. अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवणे हाच खरा उपाय.

आणखी एक गोष्ट. दाखला ग्राह्य आहे म्हणजे माणूस प्रामाणिक आहे, असे नव्हे. फसविणाराही स्वतःच्या पत्त्याचा रीतसर दाखला मिळवितो. म्हणून पत्ता अक्षर अन् अक्षर वाचा. ‘महाडीबीटी’च्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे. पैशाची फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. ती पारख संगणकासमोर बसतानाही सोडू नका, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!