दोन शेड खाली



रंगभूषाकारांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात रंगभूषेवर बोलायला मिळणं हा मान मोठाच. रंगभूषाकार पंढरीदादा जुकर 2020 मध्ये गेले, विक्रम गायकवाड 2025 मध्ये. दोघांना वंदन करते आणि कामाला लागते.

पत्रिकेत माझा विषय ‘म्युझिक व्हिडिओतील रंगभूषा : एक आढावा’ असा छापला आहे. आढावा तयार आहे. अलिशा चिनॉयच्या 1995 च्या ‘मेड इन इंडिया’पासून त्याची सुरुवात होते. राजकन्या बसलेली, देशोदेशीचे नवरदेव समोर हजर आणि पसंत पडतो मिलिंद सोमण. मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिथं उलटा केला होता, म्हणून बायकांना तो व्हिडिओ आवडला. पण रूप बघून माणूस ठरवायचा, ते तसंच राहिलं. पुढे केबलचा काळ, व्हीसीडीचा काळ, यूट्यूब, रील. ते कागद चिटणीसांकडे देते, स्मरणिकेत छापतील. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायची मी फार वर्षं वाट पाहिली आहे.

गोऱ्या मुलींना काळं करणं बंद करा.

म्युझिक व्हिडिओला चारेक मिनिटं मिळतात. संवाद जवळजवळ नसतातच. कोण गरीब, कोण शिकलेली, कोण सोशिक, कोण चालू, हे पहिल्या दोन शॉटमध्ये प्रेक्षकाला कळावं लागतं आणि ते कळवण्याचं काम मेकअप रूममध्ये उरकलं जातं. ‘गावची आहे, दोन शेड खाली घे.’ ‘कामवाली आहे, अजून एक घे.’ ‘शेवटच्या कडव्यात तिचं नशीब उघडतं, तिथं मूळ रंगावर आण.’ गीतकारानं कुणाला नावं ठेवलेली नसतात, संगीतकारानं तर नाहीच. नावं ठेवतो आपला स्पंज.

एका कोळीगीताचं शूटिंग होतं, किनाऱ्यावर. नायिका चांगली उजळ, आणि हुकूम आला की कोळीण दिसली पाहिजे, गडद करा. मी बेस लावत होते आणि गावातली एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, “बाय, माजी सून हिच्यापरीस गोरी हाय. आमी मावरा इकताव, कोलसा नाय!” सगळे हसले. दिग्दर्शकही हसला आणि मग म्हणाला, “चला, अजून थोडं डार्क करा, उन्हात उडतंय.” लुगडंही शिवलेलं आणलं होतं, चेन लावून घालायचं. अंगभर लुगडं नेसलेल्या खऱ्या कोळणी दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या.

2016 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा ‘हिम फॉर द वीकेंड’ हा व्हिडिओ आला. त्याचं बरंच चित्रण मुंबईतलं, वरळी गावातलं, म्हणजे कोळीवाड्यातलंही. साधू, होळीचे रंग, उघडी पोरं. आपल्याकडे ओरड झाली की परदेशी लोक आपल्याला अजून असंच बघतात. ओरड रास्त होती. पण त्याच कोळीवाड्यांतल्या माणसांना आपण मराठी व्हिडिओत डब्यातल्या रंगानं रंगवतो, त्यावर कधी परिसंवाद झाला?

कालच्या चर्चेत रंग गडद करण्याच्या बाजूनं चार मुद्दे निघाले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते.

पहिला मुद्दा, आपण हुकमाचे ताबेदार, नटी निवडणं आपल्या हातात नाही. ऐका. एका हळदीच्या गाण्यात नावडत्या सुनेची भूमिका होती, सासरचे तिला रंगावरून टोमणे मारतात अशी. नायिकेला सावळं करायला मला तास-दीड तास लागत होता आणि मागं नाचणाऱ्या रांगेत नेमक्या त्याच रंगाची एक मुलगी उभी होती. चेहरा बोलका, डोळे पाणीदार. मी दिग्दर्शकाला म्हटलं, “हिला घ्या की. माझा तास वाचेल.” तो म्हणाला, “ती काळी आहे हो, ताई.” मी म्हटलं, “भूमिका सावळीचीच आहे ना?” तर म्हणतो, “भूमिका सावळीची आहे, पण मुलगी हिरॉइन वाटली पाहिजे.” हे त्या मुलीनं ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि हळूच विचारलं, “ताई, मला थोडं उजळ कराल का?” टोमणे खाणाऱ्या सुनेचं गाणं चाललं होतं आणि टोमणा बसला तो हिला. ताबेदारीचा मुद्दा मला कुणी सांगू नये.

दुसरा मुद्दा कॅमेऱ्याचा. काळा रंग प्रकाश खातो म्हणे. फिल्मच्या जमान्यात कोडॅकची शर्ली कार्डं असत, गोऱ्या बाईचा फोटो समोर ठेवून लॅबवाले रंग जुळवत. तेव्हाची तक्रार समजू शकते. आता कॅमेरे बदलले, सबब बदलली नाही. माझ्यासमोर एका जुन्या कॅमेरामननं काळ्याभोर कलाकाराच्या चेहऱ्यावर तेलाचा हलका हात फिरवायला सांगितला, प्रकाश परतवायला बाजूला थर्माकोल धरला आणि चेहरा असा उजळला की सेट गप्प झाला. आणि खरंच प्रकाश खाल्ला जात असता, तर गोऱ्या नटीला काळं करून तो काळा रंग दिसला कसा असता?

तिसरा मुद्दा संदेशाचा. म्हणे आपले व्हिडिओ वर्णभेदाच्या विरोधातच असतात. 2019 मध्ये अभिनेत्री-दिग्दर्शिका नंदिता दासनं ‘इंडियाज गॉट कलर’ हा व्हिडिओ केला. सुशिक्षित, वरच्या वर्गातली बाई करायची असली की रंग उजळून घ्यायला सुचवतात, हे तिनं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. त्याच वर्षी ‘बाला’ चित्रपटात रंगावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकरला काळा रंग लावला. हेतू चांगला, रंग डब्यातला. आणि संदेशवाल्या व्हिडिओत नाकं मुरडणाऱ्या शेजारणी आठवा! त्या नेहमी जाड्या, काळ्या, गालावर चामखीळ, ठसठशीत कुंकू. रूपावरून माणूस ठरवू नका हे सांगायला आपण वाईट माणूस रूपावरूनच ठरवतो. याउलट 2000 चा ‘मन के मंजीरे’ बघा. आवाज शुभा मुद्गलांचा, आणि मीता वसिष्ठ घर सोडून ट्रक चालवते आहे. तिथं बाईचं बळ दाखवायला तिला गोरी-काळी करावं लागलं नाही. स्टिअरिंग पुरलं.

चौथा मुद्दा, धंद्याची रीतच आहे. रीत मला शिकवू नका. बाईनं केस करायचे, चेहऱ्याला हात लावायचा नाही, हीही रीतच होती. संघटना मेकअपचं कार्ड पुरुषाला देई, हेअरचं बाईला. मी निम्मं आयुष्य हेअरच्या कार्डावर काढलं आणि मेकअप केला तो दार लावून. 10 नोव्हेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टानं ती रीत बेकायदा ठरवली. आज मी अध्यक्ष म्हणून इथं उभी आहे. रीत मोडता येते.

आता पुढच्या कामांचं. मराठी माणसाच्या त्वचेच्या खऱ्या छटांचं एक शेडबुक व्हायला हवं. नव्या मुलामुलींसाठी कार्यशाळा हव्यात. कॅमेरामन आणि नृत्यदिग्दर्शकांबरोबर एक बैठकही हवी. समिती नेमूया, तपशील कार्यकारिणी ठरवेल.

पण समितीची वाट बघू नका. पुढच्या शूटिंगला ‘दोन शेड खाली’ असा हुकूम आला की एवढंच विचारा, त्या रंगाची मुलगी का घेतली नाही? चारचौघांत विचारा, उत्तर सगळ्या युनिटला ऐकू द्या. एखादं काम हातचं जाईल, माझीही गेली. ज्या मुलीला तिच्या रंगामुळे नाकारलं, तिचा रंग दुसरीला लावायचे पैसे आपण घ्यायचे नाहीत.